पलीकडचा बोल्ट

सांकवाळच्या पठारावर सकाळी साडेसहाला
वाऱ्याचं अजून ठरलेलं नसतं.
जुवारीकडून येईल की दाबोळीकडून,
ते खांबावरच्या नारिंगी कापडी नळीला विचारायचं
आणि ती दाखवेल त्याच्या उलट बाजूला उभं राहायचं.

मी परवाना लिहिते.
तीन प्रती, मध्ये कार्बन.
लाइन क्रमांक, झडप क्रमांक, कुलूप क्रमांक,
कुठली किल्ली कुणाच्या खिशात.
‘दाब’ या रकान्यात शून्य काढायला
एक श्वासही लागत नाही.

कायतान फुर्ताद, फिटर, अठ्ठावन्न पूर्ण.
परवाना स्वतः वाचत नाही, मला वाचायला लावतो,
मोठ्याने, शेवटच्या सहीपर्यंत.
‘बाय, म्हाका दिसना,’ म्हणतो,
आणि वीस फुटांवरच्या झडपेचा टॅग
घडघडा वाचून दाखवतो.
डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत त्याची कातडी
तव्यावर चिकटलेल्या पोळ्यासारखी.
ते झालं तेव्हा मी दुसरीत होते, फोंड्याला.
कधी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

शटडाउनचा चौथा दिवस. कार्बामेटची लाइन.
गरम असेतो पाण्यासारखी वाहते,
वाफ बंद केली की आतल्या आत दगड.
तळाचा ड्रेन उघडला. थेंब आला नाही.
गेजचा काटा शून्यावर.
‘रिकामी आहे,’ फोनवर फळदेसाईसाहेब. ‘घ्या उघडून.’

कायतानने गेजच्या काचेवर
नखाने दोनदा टिचकी मारली.
काटा हलला नाही.
‘निजलाय की मेलाय?’ त्याने मला विचारलं.
मी परवान्यातल्या माझ्या शून्याकडे पाहिलं.
‘घागरीतून काही आलं नाही तर घागर रिकामी.
पाइपातून काही आलं नाही,
तर काहीच कळलं नाही.’

मग त्याने सगळं अंगावर चढवलं,
भरलेल्या लाइनसाठी चढवतात तसं.
मुखवटा, हवेची नळी, गुडघ्याखाली उतरणारा एप्रन.
त्रिनाथला शॉवरपाशी उभं केलं, पाणी चालू ठेवून.
मला पायरीच्याही मागे, वाऱ्याच्या पाठीला.

आठ बोल्ट.
अंगाजवळचा हाताला सोपा पडतो,
पाना आपोआप तिथेच जातो.
कायतान फ्लँजला वळसा घालून
हात लांबवून, कमरेत वाकून,
पलीकडचा सैल करतो. अर्धा फेरा.
काढत नाही. थांबतो.
शेजारचा, अर्धा फेरा. थांबतो.

थांबणं किती लांब असतं
ते परवान्यात लिहायला जागा नाही.

तिसऱ्याला ती बोलली.
आधी बारीक, दातांतून हवा ओढल्यासारखी,
मग एकदम पांढरी,
त्याच्यापासून दूर, कुंपणाकडे, रिकाम्या काजूंवर.
तो जिथे नव्हता तिथे.
आमच्या डोळ्यांना पाणी आलं ते नंतर,
वारा जरासा चुकल्यावर.

ती ओरडतच होती आणि त्याने
तिन्ही बोल्ट परत आवळले, आले तसेच उलट क्रमाने,
मग मागे आला, घाई न करता,
मुखवटा काढला आणि म्हणाला,
‘बरय, आता तिला वाफ द्या. सांजेक परत विचारूया.’
डब्यातला पाव कोरडा पडला होता.
तो चहात बुडवून खाल्ला त्याने, त्रिनाथला अर्धा देऊन.

मी परवाना रद्द केला.
आडवी रेघ तिन्ही प्रतींवर उमटली,
शून्य मात्र खाली दिसतच राहिलं,
कार्बनच्या निळ्यात, गोल, अगदी नीटनेटकं.
माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक व्हायचं.

संध्याकाळच्या नव्या परवान्यात
त्या रकान्यात मी लिहिलं : ‘माहीत नाही.
भरलेली समजून उघडावी.’
ऑफिसातून परत आला, लाल शाईत शेरा :
कृपया अंक लिहावा.

तो तसाच घेऊन मी खाली गेले.
कायतानने चष्मा कपाळावर ढकलला.
‘वाच, बाय,’ म्हणाला.
मी वाचला, लाल शाईसकट.
त्याने पाना उचलला
आणि वळसा घालून
पलीकडे गेला.